पाठीचा घसारा कोणाच्या खात्यावर?

मोटारसायकलीला पाठीचा टेका बसवावा की नाही, हा प्रश्न समाजवादी साप्ताहिकाने विचारात घेण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका काही साथींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे हाल, शिक्षणाचे खासगीकरण असे विषय समोर उभे असताना हा गादी-नळीचा व्यवहार कोठून काढला, असेही कोणी विचारील. परंतु डॉ. राममनोहर लोहिया यांनी स्त्रियांच्या शौचालयाचा आणि धुराने डोळे जाळणाऱ्या चुलीचा प्रश्न राजकारणात आणला, त्या परंपरेचे नाव सांगणाऱ्यांनी तरी माणसाच्या शरीराचे प्रश्न किरकोळ मानू नयेत. ‘श्रम’ हा उत्पादनाचा एक घटक आहे असे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. या घटकाला पाठ असते, असा उल्लेख क्रमिक पुस्तकात कोठे नव्हता. शिकवणाऱ्याच्या खुर्चीला मात्र पाठ होती.

ज्याला बाजारात बॅकरेस्ट म्हणतात ती वस्तू अगदी साधी आहे. पोलादी नळीचा एक कंस, त्यावर रेक्झिनने मढवलेली फोमची गादी आणि सीटमागच्या दांड्याला आवळण्यासाठी दोन-चार बोल्ट. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत, जेथे दुचाकीचे सुटे भाग मिळतात तेथे, ती काही शेकडा रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत मिळते. तिचे प्रकार दोन. एक मागे बसणाऱ्याच्या पाठीसाठी. तो बऱ्याच गाड्यांवर दिसतो आणि काही गाड्यांना कारखान्यातूनच बसवून येतो. दुसरा चालकाच्या पाठीसाठी. तो आपल्याकडे क्वचितच आढळतो. याचे कारण गाडीच्या घडणीत आहे. आपल्याकडील शंभर ते सव्वाशे सी.सी.च्या गाड्यांची सीट एकसलग लांब असते. चालकाच्या मागे टेका उभा करायचा तर तो मागच्या माणसाच्या जागेत येतो. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या महागड्या गाड्यांवर चालकाचा स्वतंत्र टेका असतो, तो काढता-घालता येतो, पुढे-मागे सरकवताही येतो. म्हणजे वस्तू अशक्य नाही. ती कोणासाठी बनवावी हे आधी ठरले आहे, इतकेच.

या वस्तूच्या नावातही एक गंमत आहे. अमेरिकेत मागच्या उंच टेक्याला ‘सिसी बार’ म्हणतात. ‘सिसी’ म्हणजे बायकी, नाजूक पुरुष. ज्याला टेकायला लागते तो पुरुष कसला, असा त्यातला टोमणा. आपल्याकडे हा शब्द आला नाही, पण टोमणा आधीपासून होता. ताठ बसणारा मर्द, कंबर धरणारा म्हातारा. अंगमेहनतीच्या कामात हा मर्दपणाचा हिशेब मालकाला नेहमीच फायद्याचा ठरला आहे. शंभर किलोंचे पोते एका दमात पाठीवर घेणे ही बाजारातील हमालाच्या अभिमानाची गोष्ट होती. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन पन्नास किलोंवर आणण्याची मागणी लावून धरली, तेव्हा तिला आधी हमालांच्या मनातील हा अभिमान उतरवावा लागला असणार. आज पन्नास किलोंचे पोते सर्वांना स्वाभाविक वाटते. त्यामुळे हमाल नाजूक झाल्याचे ऐकिवात नाही.

आता मोटारसायकलीकडे वळू. देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. एके काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. त्या टंचाईच्या दिवसांत गाडी ही कुटुंबाची मालमत्ता होती. तिच्यावरून माणूस कचेरीत जाई, रविवारी देवदर्शनाला जाई. त्या वापरात दिवसाकाठी तासभर, फार तर दोन तास पाठ ताठ ठेवावी लागली तर बिघडत नव्हते. दुचाकीचे संपूर्ण आसनशास्त्र या तासाभराच्या वापरावर बेतलेले आहे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी आल्यापासून तर एका लिटरात किती किलोमीटर, एवढा एकच आकडा खरेदीदारापुढे ठेवला गेला. पेट्रोल विकत घ्यावे लागते म्हणून ते मोजले जाते. पाठ विकत घ्यावी लागत नाही.

पण गेल्या दहा-बारा वर्षांत ही गाडी शहरातील एका मोठ्या कामगारवर्गाचे कामाचे ठिकाण झाली. जेवणाचे डबे, किराणा, औषधे, पार्सले घरोघर पोचवणारे हे तरुण रोज आठ-दहा, कित्येकदा बारा तास गाडीवर असतात. नीती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज दिला आहे. हे सर्व दुचाकीवरचे नव्हेत हे खरे, तथापि शहरातील कोणत्याही चौकात उभे राहिले तर त्यांतील दुचाकीवाल्यांचे प्रमाण डोळ्यांना दिसते. गाडी कचेरीत जाण्याचे साधन होती तेव्हा तिला पाठ नसणे ही गैरसोय होती. गाडी हीच कचेरी झाल्यावर तीच गोष्ट कामाची अट होऊन बसते.

आमच्या वसाहतीत सामान घेऊन येणाऱ्या एका तरुणाशी माझे अधूनमधून बोलणे होते. मराठवाड्यातून आलेला, बी.कॉम. झालेला मुलगा. त्याने एकदा सहज सांगितले, “काका, गाडी पळते तेव्हा पाठीचं काही कळत नाही. थांबलो की कळतं.” त्याच्या बोलण्यात जे शास्त्र आहे ते पुढे सांगतो. त्याने स्वतःच्या पैशाने एक बॅकरेस्ट बसवून घेतली होती, पण ती बसवल्यावर कंपनीची चौकोनी पेटी मागे नीट मावेना, म्हणून पंधरा दिवसांत काढून टाकली. पेटीसाठी अनामत त्याने भरलेली, गाडीचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचे. कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते. नफ्यात ज्याचा वाटा नाही आणि भांडवल मात्र ज्याचे सगळे आहे, असा भागीदार भागीदारीच्या कायद्यात मला तरी कोठे आढळला नाही.

त्याच्या वाक्यातले शास्त्र असे. स्वीडनमधील शल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या कण्यातील चकतीत सुई घालून तिच्यातला दाब मोजला. आधाराविना बसलेल्या माणसाच्या कमरेच्या चकतीवरील दाब उभ्या माणसापेक्षा अधिक आणि मागे टेकून बसल्यावर तो उतरतो, असे त्यांना आढळले. पुढच्या संशोधकांच्या मोजण्यांत आकडे बदलले, बसणे आणि उभे राहणे यांतील अंतर कमी भरले. पण टेकल्याने भार हलका होतो हा भाग टिकून राहिला. यात सामान्य माणसाला नवल वाटण्याजोगे काही नाही. भिंतीला पाठ लावून बसण्याचे सुख शेतावरून आलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. गाडी चालत असते तेव्हा चालकाचे शरीर सतत हलते, हात, मांड्या, पावले भार वाटून घेतात आणि लक्ष रस्त्यावर असते. गाडी थांबते तेव्हा हे सर्व सुटते, कणा पुढे वाकतो आणि भार एका जागी येतो. आणि हा कामगार थांबतो किती! उपाहारगृहाच्या दाराशी जेवण तयार होईपर्यंत, सिग्नलला, इमारतीच्या फाटकाशी, दुपारच्या मंदीत पुढच्या मागणीची वाट पाहताना. या सर्व वेळी त्याला बसायला जागा एकच, त्याची स्वतःची गाडी. ती त्याचे बाक आहे, जेवणाचे ताट ठेवण्याची जागा आहे, दुपारी डोळा लागला तर खाटही आहे. चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीलाच पाठीच्या टेक्याची अधिक गरज आहे, हे मला त्या तरुणाच्या एका वाक्यावरून कळले.

येथे टेक्याचे गुणगान आटोपते घेतले पाहिजे. टेका म्हणजे औषध नव्हे. खड्ड्यातून बसणारा उभा धक्का तो थोपवीत नाही. तो सीटमधूनच कण्यात चढतो. उलट खड्ड्यातून जाताना पाठ टेकलेली असेल तर हादरा पाठीच्या वरच्या भागालाही पोहोचतो, म्हणून जाणता चालक अशा वेळी पावलांवर भार घेऊन किंचित उठतो. दर सेकंदाला चार ते आठ आवर्तने अशी उभी कंपने बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत बाधतात, हे कंपनांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही गृहीत धरलेले आहे. युरोपीय संघाने २००२ साली निर्देश काढून या कंपनांना कामगाराच्या बाजूने मर्यादा घातली. आठ तासांच्या कामात त्यांची सरासरी तीव्रता ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या पुढे गेली की मालकाने उपाय योजले पाहिजेत आणि १.१५ च्या पुढे कामगाराला ठेवता येत नाही. आमच्या महानगरपालिकांच्या रस्त्यांवर हे मापनयंत्र लावले तर त्याचीच पाठ धरेल. तेव्हा रस्ते आणि कामाचे तास हे मूळ प्रश्न आहेतच. टेका त्यांची जागा घेऊ शकत नाही.

टेका कोठे लागावा यालाही महत्त्व आहे. पाठीच्या वरच्या भागाला टेकणारी उंच गादी माणसाला पुढे ढकलते आणि कंबर तशीच अधांतरी राहते. गादी हवी ती माकडहाडाच्या वर, जेथे आपण पट्टा बांधतो तेथे, वीतभर उंचीची. टेकल्यावरही कोपर किंचित वाकलेले ठेवून हात हँडलपर्यंत पोहोचले पाहिजेत; म्हणजे बुटक्या आणि उंच माणसासाठी ती पुढे-मागे सरकली पाहिजे. आणि ती तुटता कामा नये. मागच्या दांड्याला दोन बोल्टांवर लटकवलेली हलक्या नळीची वस्तू कंपनांनी सैल होते; तिच्यावर विश्वासून रेलणारा मनुष्य ती निखळली तर पाठीवर रस्त्यात पडेल. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत जे १,६८,४९१ लोक मेले त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरचे होते. ज्या वाहनावर एवढी माणसे मरतात त्याला बसवायची कोणतीही वस्तू ‘दुकानात मिळते ती घ्या’ अशा भरवशावर सोडता येत नाही.

यातूनच मुख्य प्रश्न उभा राहतो: ही वस्तू द्यायची कोणी? अर्थशास्त्रात घसारा नावाची एक सोय आहे. यंत्र वापराने झिजते, ती झीज दरवर्षी खर्चात धरली जाते आणि प्राप्तिकराच्या कायद्यात तिची वजावट मिळते. कामगाराची पाठ झिजते तिला खाते नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९२३ मध्ये स्थिर खर्चावरील आपल्या ग्रंथात एक मार्मिक मुद्दा मांडला होता. कामगाराला जगवण्याचा खर्च काम असो-नसो चालूच असतो, म्हणजे समाजाच्या दृष्टीने तो स्थिर खर्च आहे. पण मजुरीच्या करारामुळे मालकाला तो बदलता खर्च म्हणून वापरता येतो, काम असेल तेव्हा द्यायचा, नसेल तेव्हा बंद. बाकीचा भार कामगाराच्या घरावर पडतो. क्लार्क यांनी हे कारखान्याच्या मजुराविषयी लिहिले. मोबाइलवरील मागणीनुसार खेपेमागे पैसे मिळणाऱ्या मुलाला ते तंतोतंत लागू पडते, किंबहुना एक पाऊल पुढे जाऊन लागू पडते. कारखान्यात निदान यंत्र मालकाचे होते. येथे यंत्रही कामगाराचे, त्याचा घसाराही कामगाराचा आणि पाठीचा घसाराही कामगाराचाच. के. विल्यम कॅप यांनी १९५० मध्ये खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चांवर पुस्तक लिहिले, त्यात माणसाच्या शरीराची हानी हा असा एक न भरलेला खर्च म्हणून मांडला आहे. तो खर्च नाहीसा होत नाही. दहा वर्षांनी तो सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागासमोरच्या रांगेत उभा राहतो.

किती पैशांचा हा प्रश्न आहे ते पाहावे. समजा, चांगल्या, तपासलेल्या टेक्याची किंमत दीड हजार रुपये धरली. तो तीन वर्षे टिकला. वर्षाला तीनशे दिवस काम झाले. नऊशे दिवसांत दीड हजार, म्हणजे दिवसाला पावणेदोन रुपयांहून कमी. दिवसाला वीस खेपा धरल्या तर खेपेमागे आठ पैसे. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण ते दुप्पट केले तरी चित्र बदलत नाही. आठ किंवा सोळा पैसे मागितल्याने जो उद्योग कोसळेल तो उद्योग कोणत्या पायावर उभा आहे, याची चौकशी त्यातील भांडवलदारांनीच करावी.

आपल्याच चळवळीतून येणारा एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. पाठीला गादी मिळाली तर दहा तास चालवणारा मुलगा बारा तास चालवील. तुम्ही शोषण सुसह्य करता आहात, असा तो आक्षेप. यात तथ्य नाही असे नाही. श्रमाची सोय वाढली की तिचा लाभ कामाचे तास वाढवून काढून घेण्याची भांडवलाची रीत जुनी आहे. परंतु हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर कारखान्यात पंखा मागू नये, खाणीत दिवा मागू नये, असे म्हणावे लागेल. दुखणारी पाठ कामगाराला लढाऊ बनवते, हा समज ज्यांची पाठ दुखत नाही त्यांचा आहे. बारा तासांनंतर घरी पोचलेला माणूस सभेला येत नाही, झोपतो. माझा आग्रह इतकाच की टेक्याची मागणी तासांच्या मागणीपासून सुटी करू नये. टेका द्या आणि प्रतीक्षेच्या वेळेचाही मोबदला द्या, या दोन्ही गोष्टी एका कागदावर याव्यात. प्रतीक्षेला पैसे लागू लागले की कंपनीलाच ती कमी करावीशी वाटेल आणि टेक्याचा दुरुपयोग करून तास वाढवण्याचा मोहही आटोक्यात येईल.

सरकारने वाहनावरील माणसाच्या शरीराची दखल कधीच घेतली नाही असे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ वाचण्यासारखा आहे. मागे बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलीला धरण्यासाठी कायमची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे, असे तो सांगतो. हे तिसरे कलम साडी, ओढणी, धोतर चाकात अडकू नये म्हणून आहे. परदेशी बनावटीच्या यंत्रावर या देशातील बाईच्या वस्त्राचा विचार लादण्याचे काम एका नियमाने केले. बाजाराने ते आपणहून केले नसते. तसेच ट्रकचालकांचे. चालकाच्या केबिनला वातानुकूलन असावे ही सूचना वर्षानुवर्षे परवडत नाही म्हणून मागे पडत होती. अखेर २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींना ते सक्तीचे झाले. कडक उन्हात बारा तास इंजिनाशेजारी बसणाऱ्या माणसाला थंड हवा ही चैन नव्हे, एवढे मान्य व्हायला स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे लागली.

टेक्याबाबत मात्र कायदा आज अर्धवट अंधारात आहे. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाने वाहनात करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ सांगते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेले भाग बसवणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. कर्णकर्कश भोंगे आणि आवाजी नळकांडी यांच्यासाठी हे योग्यच आहे. पाठीच्या गादीने नोंदणीपत्रातील कोणताही तपशील बदलत नाही, असे साधी बुद्धी सांगते. परंतु रस्त्यावर अडवलेल्या मुलाला साध्या बुद्धीचा उपयोग किती होतो, हे आपण जाणतो. यास्तव प्रमाणित टेका हा ‘बदल’ नव्हे, असे परिवहन खात्याने एका परिपत्रकाने स्पष्ट करावे. भारतीय मानक ब्युरोने त्याच्या मजबुतीची कसोटी ठरवावी, आणि उत्पादकांनी मालवाहू वापराच्या गाड्यांना टेका व पेटी दोन्ही बसतील अशी पक्की जागा चौकटीतच ठेवावी. खरे तर पेटीच्या पुढच्या बाजूला कमरेच्या उंचीवर गादी बसवली की पेटीच टेका होते. पाठीवर पिशवी घेणारी मुले आजही तिचा बूड मागच्या सीटवर टेकवून तिच्यावर रेलतात. कामगाराने शोध लावलाच आहे, अभियंत्याने तो फक्त सुबक करायचा आहे.

मागे बसणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा. गोव्यात काळ्या-पिवळ्या मोटारसायकलींवरचे ‘पायलट’ कित्येक दशके प्रवासी नेत आहेत. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीला मान्यता दिली, त्या वेळी चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये दुभाजक असावा, असेही सांगण्यात आले. स्त्रीप्रवाशांच्या दृष्टीने त्याचा हेतू उघड आहे. तो दुभाजक नुसता पत्रा न ठेवता त्याच्या पुढच्या बाजूला कमरेची गादी दिली तर चालकाला टेका आपोआप मिळतो. मात्र आपल्याकडे साडी नेसलेली बाई एका बाजूला पाय सोडून बसते. तिला मागचा टेका पाठीला लागत नाही, कुशीला लागतो. तिच्या उपयोगाचा टेका म्हणजे घट्ट धरता येईल असा, बाजूने वळलेला दांडा. बनवणाऱ्यांनी हे नमुन्याच्या चित्रांतील जीन्स घातलेल्या मुलीवरून ठरवू नये.

खर्चाची व्यवस्था कशी लावावी याचा शोध महाराष्ट्राला बाहेर घ्यायचे कारण नाही. एका मालकाकडे न राहता आज येथे, उद्या तेथे काम करणाऱ्या हमालांसाठी याच राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला. मालक आणि कामगार या दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरीवर मालकाकडून ठरावीक लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत इत्यादी. मालक नक्की नाही म्हणून हक्क नाही, हा युक्तिवाद त्या कायद्याने सत्तावन्न वर्षांपूर्वी निकालात काढला. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत अॅग्रीगेटर कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक नाही, इतके द्यावे अशी तरतूद आहे. हे नाकारण्याजोगे नाही. पण त्याच दिवशी अमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची जी संहिता आहे, तीत या कामगाराला स्थानच नाही. म्हणजे तो जखमी झाल्यावर, म्हातारा झाल्यावर कायद्याला दिसतो. कामावर असताना दिसत नाही. उभ्याने काम करणाऱ्याला बसण्याची सोय द्यावी हे तत्त्व १९४८ च्या कारखाना अधिनियमात होते आणि नव्या संहितेतही राहिले. केरळात ‘पेण्‌कूट्ट’ या संघटनेच्या दुकानकामगार स्त्रियांनी लढून २०१८ साली बसण्याचा हक्क कायद्यात आणला; तामिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. बसून काम करणाऱ्याला टेकण्याचा हक्क ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे. शिवाय चेन्नई महानगरपालिकेने २०२५ मध्ये या कामगारांसाठी वातानुकूलित विश्रांतिकक्ष उघडले. पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक या महानगरपालिकांकडे जागा नाहीत असे म्हणता येणार नाही. उड्डाणपुलांखालच्या जागांचे काय होते ते आपण पाहतोच.

शहर शाखांना एक काम सुचवतो. दुपारी तीन ते पाच या वेळात ही मुले उपाहारगृहांच्या आणि गोदामांच्या दाराशी गाड्यांवर बसलेली असतात. तेथे वही घेऊन जावे आणि चार गोष्टी विचाराव्यात: काल किती तास गाडीवर होता, त्यांतले किती तास थांबून गेले, पाठीच्या औषधावर महिन्याला किती जातात, आणि पेटी स्वतःच्या पैशाची आहे की कंपनीच्या. नाव, गाडीचा नंबर किंवा कंपनी विचारू नये. नाव दिल्याने काम बंद होण्याची भीती त्यांना असते आणि ती अनाठायी नाही. एका शाखेने पन्नास जणांची जरी माहिती आणली तरी कामगार आयुक्तांकडे जायला आणि माथाडीच्या धर्तीवरील मंडळाच्या मसुद्यावर बसायला पुरेसा आधार मिळेल. आकडेमोडीचे काम माझ्याकडे पाठवावे.